केमिस्ट्री पुस्तकात आहे, मग थर्मल बॅटरीला इतकी वर्षं का लागतात?

प्रश्न विचारणारे सहा वर्षं लिथियम-आयन सेलच्या कामात आहेत. त्यांच्या कंपनीला क्षेपणास्त्रात बसणारी लिथियम थर्मल बॅटरी स्वतः विकसित करायची आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "केमिस्ट्री जुनी आहे, पुस्तकांत सगळी दिलेली आहे, लिथियम-आयनपेक्षा सोपीच वाटते. दीड वर्षात जमेल ना? आणि मुळात लिथियम-आयनच का लावत नाहीत?"

या कामात मी पंचवीसेक वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कुठल्याही हँडबुकात सापडतील तेवढेच आकडे इथे देते. कोणत्या मिश्रणात काय किती घालायचं, आपल्याकडच्या कोणत्या क्षेपणास्त्रात कोणती बॅटरी बसते, हे लिहिणार नाही. ते विचारूही नका.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मोबाईल आपण रोज वापरतो, रोज चार्ज करतो. क्षेपणास्त्र कारखान्यातून निघतं, नळकांड्यात बंद होतं आणि कुठल्याशा कोठारात पंधरा-वीस वर्षं पडून राहतं. मधे त्याला कुणी चार्ज करत नाही, उघडून बघत नाही. मग एक दिवस बटण दाबलं की सेकंदाच्या आत पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण करंट हवा असतो. बाहेर लडाखचा उणे ४० असेल, नाहीतर वाळवंटातल्या उन्हात तापलेला ७० अंशांचा डबा. लिथियम-आयन सेल नुसता ठेवला तरी आतून झिजतो, आपोआप उतरतो, थंडीत मलूल पडतो. वीस वर्षांनी तो पहिल्या फटक्यात उठेल यावर तुम्ही स्वतः पैज लावाल का? मी नाही लावणार.

थर्मल बॅटरीत इलेक्ट्रोलाइट म्हणजे मीठ. जेवणातलं नव्हे, पण त्याच कुळातलं: लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांचं ठरावीक मिश्रण. ते ३५२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याखाली ते दगड असतं. दगडातून आयन हलत नाहीत, म्हणून बॅटरी उतरत नाही. आत ओल शिरली नसेल तर वीस वर्षांनीही ती काल बनवल्यासारखी असते. प्रत्येक सेलला लागून लोखंडाची भुकटी आणि पोटॅशियम परक्लोरेट दाबून केलेली एक चकती असते, हीट पेलेट म्हणतात तिला. स्क्विब, म्हणजे विजेने पेटणारी छोटीशी काडी, पेटला की या चकत्या पेटतात, मीठ वितळतं आणि बॅटरी जागी होते. लोखंड गरजेपेक्षा मुद्दाम बरंच जास्त घेतलेलं असतं. त्यामुळे जळून झाल्यावरही चकती आपला आकार धरून राहते आणि वीजही वाहते. म्हणजे जी शेगडी, तीच दोन सेलमधली तार. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

अ‍ॅनोडला शुद्ध लिथियम तसंच वापरता येत नाही, ते १८०.५ अंशांनाच वितळून वाहायला लागतं. म्हणून सिलिकॉनबरोबरचा मिश्रधातू घेतात, किंवा लिथियम लोखंडाच्या भुकटीत शोषून धरतात, वातीत तेल धरावं तसं. कॅथोडला आयर्न डायसल्फाइड, म्हणजे खाणीतून निघणारा, सोन्यासारखा चमकून लोकांना फसवणारा पायराइट. वितळलेलं मीठही इकडेतिकडे पळू नये म्हणून त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची बारीक पूड असते. रव्याच्या लाडवात पाक मुरतो तसं मीठ त्यात मुरून राहतं: ओलं असतं, पण ओघळत नाही. असा एक सेल साधारण २ व्होल्ट देतो. २८ व्होल्ट हवे असतील तर चौदा-पंधरा सेल एकावर एक रचायचे, दाबून स्टीलच्या डब्यात घालायचे आणि झाकण वेल्ड करायचं.

वापर कसा होतो याचं उघड माहितीतलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं खांद्यावरून डागायचं जॅव्हेलिन. त्याला एक बॅटरी-कूलंट युनिट लागतं. एकाच डब्यात थर्मल बॅटरी आणि सीकर, म्हणजे लक्ष्य हुडकणारा क्षेपणास्त्राचा डोळा, गार करणारा वायू. ते एकदा सुरू झालं की हातात साधारण ४ मिनिटं. तेवढ्यात क्षेपणास्त्र सुटलं तर ठीक, नाही तर ते युनिट काढून टाकायचं आणि नवं लावायचं. रणगाडा टेकडीमागे गेला म्हणून बॅटरी बंद करून ठेवू, असं नसतं. पेटलेली काडी परत पेटीत जात नाही.

आता मूळ प्रश्न. केमिस्ट्री जुनी आहे हे तुमचं म्हणणं खरंच आहे. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातली, जर्मनीतल्या गेऑर्ग ओटो एर्ब यांची. युद्धानंतर ती अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे गेली आणि तिथून तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये (घरातला फ्यूज नव्हे, गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) आणि अस्त्रांमध्ये शिरली. पुढे कित्येक वर्षं कॅल्शियम आणि कॅल्शियम क्रोमेटची जोडी चालली. तिचे नखरे भरपूर. कॅल्शियम मिठातल्या लिथियमशी मिळून पातळ मिश्रधातू तयार करायचं, तो सेलच्या कडेने ओघळला की शॉर्ट. शिवाय कॅल्शियम क्रोमेट कर्करोगकारक. १९७० च्या दशकात लिथियमचे मिश्रधातू आणि आयर्न डायसल्फाइड आले आणि ही कटकट बरीचशी मिटली. म्हणजे तुम्ही जिला आधुनिक लिथियम बॅटरी म्हणताय तिचंही वय पन्नाशीच्या पुढे आहे.

पण या बॅटरीचं काम केमिस्ट्रीचं कमी आणि उष्णतेचं जास्त आहे. लिथियम-आयनवाल्या प्रत्येक माणसाला हे पटायला एक वर्ष लागतं. मलाही लागलं.

हिशेब करून बघू. मीठ ३५२ ला वितळतं, म्हणून बॅटरीचा कुठलाही कोपरा आयुष्याच्या शेवटच्या सेकंदापर्यंत त्याखाली जाता कामा नये. वरच्या बाजूला पायराइट साधारण ५५० च्या पुढे विघटन पावायला लागतो, गंधक सोडतो, आणि ते गंधक अ‍ॅनोडशी भिडलं की उष्णता आणखी वाढते. म्हणजे खेळायला जवळजवळ २०० अंशांची जागा. भरपूर वाटते ना? आता लक्षात घ्या, हीट पेलेटमधली उष्णता डबा वेल्ड झाला त्या दिवशी ठरून गेली. बाहेर थंडी आहे की ऊन, हे त्या चकतीला कळत नाही. उणे ४० वर मुरवून ठेवलेली बॅटरी (थंड सोक म्हणतात याला) आणि अधिक ७० वर ठेवलेली बॅटरी (गरम सोक) यांच्यात सुरुवातीलाच ११० अंशांचा फरक आहे, आणि तो जवळजवळ तसाच शिखराच्या तापमानात उतरतो. २०० मधून ११० गेले, उरले ९०. या नव्वदात सगळं बसवायचं: काम चालू असताना होणारं निवणं, करंट वाहताना सेलची स्वतःची उष्णता, पेलेटच्या वजनातला थोडा इकडचा-तिकडचा फरक, आणि टोकाचे सेल.

टोकाच्या सेलवर जरा थांबते. ताटात वाफाळता भात वाढला की कडेचा आधी निवतो, मधला ढीग जीभ भाजतो. स्टॅकचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या चळतीचं, अगदी तसंच. वरच्या आणि खालच्या टोकाचे सेल आधी गार होतात, आणि सगळे सेल मालिकेत जोडलेले असल्यामुळे एक गोठला की त्याचा रोध वाढून सगळ्यांचं काम बिघडतं. मग टोकांना जास्तीची उष्णता द्यायची. ती जास्त झाली की गरम सोकमध्ये तेच सेल भाजून निघतात. म्हणजे थंडीत बॅटरी शेवटी मरते आणि उन्हात सुरुवातीला. दोघींना एकाच डब्यात, एकाच रचनेत सांभाळायचं. माझ्या मते डिझाइन म्हणजे एवढंच, आणि यातच वर्षं जातात.

यावर उपाय आहेत, पण फुकट एकही नाही. कमी तापमानाला वितळणारी मिठं आहेत. कोबाल्ट डायसल्फाइड साधारण १०० अंश जास्त सोसतं, पण महाग. उत्तम इन्सुलेशन आहे, पण त्याची जाडी डब्याच्या आतूनच जाते, म्हणजे सेलचा व्यास कमी होतो. इथे ग्राहकाशी ठरलेलं भांडण होतं. तो म्हणतो, तीच बॅटरी पण अर्ध्या आकाराची द्या. आकार लहान केला की उष्णता साठवणारं आकारमान झपाट्याने घटतं आणि ती गमावणारा पृष्ठभाग तितक्या झपाट्याने घटत नाही. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाआधी निवतो. लहान आणि जास्त वेळ चालणारी थर्मल बॅटरी ही या धंद्यातली सगळ्यांत अवघड मागणी, आणि ती मागणारा माणूस नेहमी म्हणतो, "छोटीशीच तर आहे."

म्हणून "दीड वर्षात जमेल का" याला एक उत्तर नाही. दहा सेकंद चालायची असेल तर इन्सुलेशनची चिंता जवळजवळ नाही, पण किती मिलिसेकंदांत जागी होते हा प्रश्न मोठा होतो. दोन-तीन मिनिटांची, मध्यम आकाराची असेल तर त्यातल्या त्यात सरळ वाट, सुरुवात करायची तर मी तिथून करीन. अर्ध्या तासाची किंवा तासाची असेल तर तो निराळाच प्राणी. तोफगोळ्यात स्वतःभोवती गरगर फिरणारी असेल तर आणखी निराळा.

आता ओल. लिथियम क्लोराइड हवेतली ओल कसं पितं हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी टाकणाऱ्या कुणालाही समजेल, हे फक्त त्याहून शंभरपट हावरट. काम ड्राय रूममध्ये चालतं, ड्यू पॉइंट (हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, जितकं खाली तितकी हवा कोरडी) उणे ४० किंवा त्याहून खाली. तुम्ही लिथियम-आयनमधून येताय, तेव्हा ड्राय रूम तुम्हाला माहीत आहे: ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, आत किती माणसं यावर बंधन असतं, कारण माणसाचा श्वास आणि घाम हाच खोलीतला सगळ्यांत मोठा झरा. फरक असा की तुमच्याकडे ओलसर सेल फॉर्मेशनमध्ये, म्हणजे पहिल्या चार्जिंगमध्ये, पकडला जातो. आमच्याकडे तो पकडला जात नाही. कसा फसवतो ते सांगते.

मी एका ठिकाणी काम करत होते, नाव नको. जानेवारीपासून मेपर्यंतचे सगळे डेव्हलपमेंट लॉट छान गेले. ऑगस्टमधला लॉट गरम सोकमध्ये उत्तम, खोलीच्या तापमानाला उत्तम, थंड सोकमध्ये मात्र शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज वेळेआधी कोसळायचं. एक नाही, तीन बॅटऱ्या. आमची पहिली शंका इन्सुलेशनवर, कारण डब्यावर लावलेल्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) आलेख आधीच्या लॉटपेक्षा लवकर चढत होता. उष्णता बाहेर पळतेय हे उघड दिसत होतं. इन्सुलेशनचे पुरवठादार बदलले, गुंडाळायची पद्धत तपासली, माणसांना उगाच बोलणी बसली. तीन आठवडे गेले. इन्सुलेशन अगदी ठाकठीक होतं.

उलगडा झाला तो एका जुन्या ऑपरेटर काकांमुळे. ते म्हणाले, "मॅडम, पास-बॉक्सचं आतलं दार हल्ली हाताला हलकं लागतंय." पास-बॉक्स म्हणजे ड्राय रूममध्ये सामान आत-बाहेर करायची दोन दारांची पेटी. दाराचं रबर झिजलं होतं. जेवणाच्या सुट्टीत इलेक्ट्रोलाइट पेलेटचे ट्रे तिथेच ठेवायची सवय पडली होती, अर्धा तास. मे महिन्यात त्याने काही बिघडत नव्हतं, ऑगस्टमध्ये बिघडलं. पेलेटने किंचित ओल धरली, इतकी किंचित की वजनाच्या काट्यावर ती नेहमीच्या फरकात लपून गेली. बॅटरी पेटल्यावर ती ओल अ‍ॅनोडमधल्या लिथियमशी भिडली आणि हायड्रोजन तयार झाला. हायड्रोजन हवेपेक्षा साधारण सातपट चांगला उष्णतावाहक. तो इन्सुलेशनच्या पोकळ्यांत भरला आणि तेच इन्सुलेशन एकदम पांगळं झालं. म्हणजे दोष दिसला विजेत, मधे होता उष्णतेत आणि मूळ होतं दाराच्या रबरात. गरम सोकमध्ये उष्णता मुळात जास्त, म्हणून तिथे सगळं झाकून गेलं.

त्या बॅटऱ्या उघडताना आलेला वास अजून नाकात आहे. वापरलेल्या थर्मल बॅटरीतल्या सल्फाइडला हवेतली ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजक्या अंड्यांचा तो भपकारा. नवशिक्यांना गंमत वाटते. गंमत नाही, तो विषारी वायू आहे. टीअरडाउन, म्हणजे वापरलेली बॅटरी उघडून बघणं, फ्यूम हूडमध्येच (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात) करायचं. आणि बॅटरी "संपली" याचा अर्थ ती गार झाली असा नव्हे, हे तुमच्या माणसांना पहिल्या दिवशी सांगा.

इथपर्यंतचं थोडक्यात: सेल चालतो, तो कुणाकडेही चालतो. अवघड आहे ते त्या ९० अंशांत दोन्ही टोकांना जगणं आणि ते प्रत्येक लॉटमध्ये, पावसाळ्यातसुद्धा, तसंच्या तसं करणं. आणि आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

तुमच्या कारखान्यात प्रत्येक सेल चार्ज होतो, डिस्चार्ज होतो, मोजला जातो, प्रतीनुसार लावला जातो. वाईट सेल बाजूला काढता येतो. थर्मल बॅटरी एकदाच चालते. जी तपासली ती जळून संपली. जी क्षेपणास्त्रात बसते ती आयुष्यात कधीच चाललेली नसते. डबा बंद झाल्यावर तिचं काय बघता येतं? वजन, इन्सुलेशन रेझिस्टन्स (इथे इन्सुलेशन उष्णतेचं नव्हे, विजेचं), स्क्विबच्या तारेचा रोध, हेलियमने गळती, आणि एक्स-रे. बस.

एक्स-रे मात्र मन लावून बघा. चकत्या सगळ्या करड्या-काळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या. रचताना एखादा सेल उलटा बसला तर त्याचे २ व्होल्ट नुसते जात नाहीत, ते वजा होतात. चौदा सेलचे २८ व्होल्ट यायचे तिथे २४ येतात. एखादी हीट पेलेट राहून गेली तर तो सेल शेजाऱ्यांच्या उष्णतेवर उशिरा उठतो. पेलेटची कड तुटून तिचा चुरा दोन सेलच्या मधे अडकला तर शॉर्ट. हे सगळं फिल्मवर दिसतं, पण बघणाऱ्याला चहाची तल्लफ आलेली नसेल तरच. आम्ही एका माणसाला सलग तासाभरापेक्षा जास्त फिल्म बघू देत नव्हतो.

आता विश्वासार्हतेचा आकडा घ्या. ग्राहक सहज लिहितो: ०.९९ विश्वासार्हता, ९५ टक्के खात्रीने. नुसतं पास-नापास मोजून हे सिद्ध करायचं तर २९९ बॅटऱ्या जाळाव्या लागतात, आणि त्यातली एकही नापास होता कामा नये. ०.९९९ मागितलं तर २,९९५. तुमची कंपनी तेवढ्यात बंद होईल. म्हणून पास-नापास मोजायचं नसतं, किती फरकाने पास झाली ते मोजायचं. समजा गरज १२० सेकंदांची आहे. चाचणी १२० ला थांबवू नका, व्होल्टेज मर्यादेखाली जाईपर्यंत चालू ठेवा. एका लॉटमध्ये १५५, १५८, १५३, १५७ आले तर मी शांत झोपेन. दुसऱ्यात १८०, १३१, १७४, १२६ आले तर कागदावर त्याही चारही पास आहेत, पण तो लॉट मी पुढे जाऊ देणार नाही. सरासरी आकर्षक असते, पण माझा जीव पसाऱ्यात अडकतो. तरुण इंजिनिअरांना मी फक्त पसारा विचारायचे, म्हणून ते माझ्यावर वैतागलेले असायचे.

यातून पुढचं ओघाने येतं. बॅटरी तपासता येत नसेल तर ती बनवायची पद्धत तपासायची. कोणत्या लॉटची पावडर, कोणत्या दिवशी दाबली, किती टनांचा दाब, खोलीचा ड्यू पॉइंट काय होता, कोणी रचली, झाकण किती दाबाखाली बंद केलं. वही कंटाळवाणी असते. वीस वर्षांनी कोठारातली एक बॅटरी काढून चालवली आणि ती कमी पडली, तर तुमच्याकडे असते ती वहीच. पायराइटची तर खास नोंद ठेवा. तो खाणीतून येतो, खाण बदलली की अशुद्धी बदलतात. नुसता उघडा पडला तरी ओलसर हवेत त्याच्यावर सल्फेट चढतं, आणि मग बॅटरी सुरू होताना पहिल्या क्षणी व्होल्टेजचा एक टोकदार सुळका येतो. सुळक्यावर इलाज आहे, कॅथोडला आधीच थोडं लिथियम पाजून तो बसवता येतो. पण पावडर दर लॉटला वेगळी वागत असेल तर इलाजही दर लॉटला चुकतो.

स्पेसिफिकेशनबद्दल एक, आणि हे जरा तक्रारीच्या सुरात. क्षेपणास्त्राच्या टीममध्ये प्रत्येक उपप्रणालीवाला आपल्या मागणीत १० टक्के सुरक्षिततेसाठी घालतो. गायडन्सवाला घालतो, इलेक्ट्रिकलवाला त्यावर घालतो, सिस्टिमवाला आणखी वर घालतो. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. तुमच्या हातात कागद येईपर्यंत बॅटरी एक तृतीयांशाने फुगलेली असते, आणि जागा दिलेली असते मूळ आकड्याची. ही भांडणं सुरुवातीलाच करा. सरासरी करंट घेऊन समाधान मानू नका. दर मिलिसेकंदाला किती करंट, कोणत्या क्षणी फिन हलवणाऱ्या मोटरचा झटका, तो आयुष्याच्या सुरुवातीला की शेवटी, असं संपूर्ण लोड प्रोफाइल मागा. शेवटच्या पाच सेकंदांत, म्हणजे बॅटरी निवत आलेली असताना, सगळ्यांत मोठा झटका येणार असेल तर तो एकटा तुमचं डिझाइन ठरवतो. आणि नेमका तोच झटका पहिल्या कागदावर नसतो.

परवानग्यांचं थोडक्यात, कारण यावर वकील माझ्यापेक्षा बरं सांगतील. हीट पेलेट आणि स्क्विब आले की तुम्ही बॅटरी कंपनी राहत नाही, ज्वालाग्राही मिश्रणं हाताळणारी कंपनी होता. स्फोटकांच्या परवान्यांचं काम बघणारी पेसो ही संस्था नागपुरात आहे, तिथल्या चकरा वेळापत्रकात धरा. मिश्रणं आणि इग्निशनच्या बाबतीत पुण्याच्या एचईएमआरएलसारख्या (डीआरडीओची स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा) प्रयोगशाळांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत, अशा निवृत्तांपैकी एकाला सल्लागार म्हणून घ्या. स्क्विबचा एक नियम तोंडपाठ करा: १ अँपिअर, १ वॅट, ५ मिनिटं दिले तरी तो पेटता कामा नये. भटक्या करंटने कोठारात बॅटरी जागी झाली तर पुढचं मी सांगायला नको. पर्यावरणीय चाचण्या, म्हणजे हादरे, धक्के, उष्ण-शीत, दमट हवा, या जेएसएस ५५५५५ या आपल्या लष्करी मानकाप्रमाणे धरून चाला. थंड सोक म्हणजे चेंबरचा आकडा उणे ४० दाखवायला लागला तो क्षण नव्हे. स्टॅकचा गाभा तिथे पोचायला तासन्‌तास लागतात, आणि घाईघाईत केलेली थंड चाचणी मी कित्येकदा "पास" झालेली पाहिली आहे.

तुमच्या अनुभवातलं काय कामाला येईल, तेही सांगते. ड्राय रूमची शिस्त, पावडर हाताळणं, लिथियमची भीती न बाळगता आदर बाळगणं, हे तयारच आहे. पेलेट दाबण्याचं काम मात्र तुमच्या इलेक्ट्रोड कोटिंगपेक्षा औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याला जवळचं आहे. तिथला एखादा अनुभवी प्रेसवाला मिळाला तर त्याला दोन पीएच.डीं.इतका पगार द्या. आणि तुमची एक सवय मोडावी लागेल: बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सांभाळून घेईल ही. इथे सांभाळायला कुणी नाही.

दीड वर्षात काय होईल? ड्राय रूम आणि प्रेस आधीच असतील तर चालणारा सिंगल सेल सहा महिन्यांत, खोलीच्या तापमानाला चालणारी पूर्ण बॅटरी वर्षभरात. तो दिवस मोठ्या आनंदाचा असतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतात, आणि वरिष्ठांना वाटतं ऐंशी टक्के काम झालं. माझ्या हिशेबाने तेव्हा पंचवीस टक्के झालेलं असतं. दोन्ही टोकांच्या तापमानांना, हादऱ्यांसकट, तीन सलग लॉट एकसारखे येईपर्यंत मला तरी कधी चार वर्षांच्या आत जमलेलं नाही. माझ्याहून हुशार लोकांना तीनात जमलं असेल. त्यात एक पूर्ण पावसाळा तरी उत्पादनाचा असू द्या. पावसाळा न बघितलेल्या प्रक्रियेवर मी सही करत नाही.

तुमच्या प्रश्नात २८ व्होल्ट लिहिलेत, "साधारण ५ अँपिअर" लिहिलंत, व्यासही दिलात. किती सेकंद चालायची हे कुठेच नाही, आणि किती तापमानापासून किती तापमानापर्यंत, तेही नाही. हे दोन आकडे, आणि जमलं तर लोड प्रोफाइल, ग्राहकाकडून लेखी घ्या. ड्राय रूम आणि प्रेसची ऑर्डर तोपर्यंत देऊ नका, कारण दहा सेकंदांची असेल तर तुम्हाला वेगळीच प्रेस लागणार आहे.